उंडीच्या फळांची अणुभट्टी

अणुवीज केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने, चारचौघांत: "काय हो, तुम्ही अंधारात चमकता का?" आणि दुसरा बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, हळूच: "मुलंबाळं होतात ना?" पहिल्याला मी निवृत्त होईपर्यंत "फक्त दिवाळीत" असं उत्तर देत आलो. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर आधी लग्न व्हायला हवं होतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं!

संपादक म्हणाले, "इनास, अणू कसा फुटतो ते लिहा, पण आमच्या आईला कळेल असं." मी म्हटलं, तुमच्या आईचं सोडा, मी ते अख्ख्या गावाला एका सकाळी समजावलेलं आहे. तेही आमच्या ख्रिस्ती देवळाच्या अंगणात, मिस्सा म्हणजे रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, नव्या कोटात. आणि त्या सकाळी मला समजावता आलं नसतं, तर माझं लग्न मोडलं असतं. तेव्हा तेच लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वसईकडचा, पण नोकरी बोईसरच्या पुढे समुद्रकाठी. विरारहून शटल पकडायची, बोईसरला उतरून बस. काम नियंत्रण कक्षात ऑपरेटरचं. म्हणजे समोर भिंतभर काटे आणि दिवे, आणि आपण त्यांच्याकडे बघत बसायचं. माझी आई सगळ्यांना सांगायची, "आमचा इनास दिवसभर घड्याळं बघतो, त्याचा पगार देतात." खोटं नव्हतं ते.

माझी सोयरीक आली आगाशीच्या अलीकडच्या एका गावातून. मुलगी आग्नेस, प्राथमिक शाळेत बाई. वडील लहानपणीच गेलेले, वाढवलं काकांनी. कैतानकाका म्हणजे केळीचे पक्के बागायतदार. त्यांच्या हातची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, नाताळात मुंबईपर्यंत जायची. माणूस शब्दाचा पक्का, फक्त वेळेचा कच्चा. मिस्साला आयुष्यात कधी वेळेवर पोचले नाहीत.

मुलगी बघायला गेलो तेव्हा आम्हाला ओटीवर जरा बोलायला बसवलं. आग्नेसने सरळ विचारलं, "तुम्ही तिथे नक्की करता काय?" झालं! मला तेवढंच निमित्त हवं होतं.

मी म्हटलं, "युरेनियम नावाचा धातू आहे. त्याच्या अणूच्या पोटात केंद्रक असतं. ते इतकं लठ्ठ की स्वतःचाच भार त्याला सोसवत नाही. आतले बरेचसे कण एकमेकांना ढकलत असतात, पण एक जबरदस्त ओढ सगळ्यांना धरून ठेवते. कसंबसं निभावलेलं असतं. अशात बाहेरून एक न्यूट्रॉन येतो. हा कण ना कुणाच्या बाजूचा ना विरोधातला, त्यामुळे त्याला कुणी दारात अडवत नाही. तो आत शिरला की केंद्रक डुचमळतं, लांबट होतं, मधे कंबर बारीक होते आणि फट्‌! दोन तुकडे. दोघेही एकमेकांपासून सुसाट पळत सुटतात आणि आजूबाजूला आपटून थांबतात. त्या आपटण्याची जी ऊब, ती आमची कमाई. तुकड्यांचं आणि सुट्या कणांचं वजन एकत्र केलं तर मूळ वजनापेक्षा इवलंसं कमी भरतं. ते हरवलेलं वजनच ऊर्जा होऊन बाहेर आलेलं असतं."

"आणि फुटताना आणखी न्यूट्रॉन सुटतात," मी हात नाचवत पुढे म्हणालो, "दोन, कधी तीन. ते दुसऱ्या केंद्रकांना फोडतात, त्यातून आणखी..."

"मग त्यांना अडवतं कोण?" आग्नेस म्हणाली.

काय सांगू तुम्हाला! चांगले शिकलेसवरलेले लोक "बापरे" म्हणून थांबतात. हिने थेट मुद्द्यालाच हात घातला. मी त्या क्षणी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच. "आम्ही अडवतो," मी म्हटलं, आणि ती इतकी छान हसली की पुढचं मला आठवत नाही.

साखरपुडा झाला. आमच्यात लग्नाआधी देवळात तीन रविवारी घोषणा होते: अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, लग्न करू इच्छितात, कुणाची हरकत असेल तर सांगावी. सहसा कुणाची नसते. पहिल्या रविवारी घोषणा झाली, आणि त्याच आठवड्यात परदेशातल्या कुठल्याशा अणुकेंद्रात काही बिघडल्याची बातमी पेपरात आली. कैतानकाकांनी मला तातडीने बोलावून घेतलं.

काका ओटीवर बसले होते, समोर सुकेळीची परडी. "इनास, खरं सांग. ते किरण का काय ते, अंगाला चिकटतात?"

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? "नाही काका, तिथे फार काळजी घेतात" एवढं म्हणून चहा प्यावा. पण मी पडलो हौशी. मला वाटलं, ह्यांची भीतीच मुळापासून काढून टाकू. मी परडीतलं एक सुकेळं उचललं आणि म्हणालो, "काका, किरण काय, सगळीकडेच असतात थोडे थोडे. मातीत असतात, आपल्या हाडांत असतात. आता ह्या तुमच्या केळ्यातसुद्धा असतात!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"माझ्या केळ्यात?"

"सगळ्यांच्याच केळ्यात काका, पोटॅशियममुळे! काही अपाय नाही त्याने! आणि सुकेळीत तर पाणी उडून गेल्यामुळे वजनाच्या मानाने जरा जास्तच..."

तिथून मी बाहेर कसा पडलो ते विचारू नका. आगाशीच्या परिसरात येऊन बागायतदाराला त्याच्याच ओटीवर "तुमच्या केळ्यात किरण आहेत" म्हणणारा माझ्याआधी कुणी झाला नाही आणि पुढेही होणार नाही. बोललो त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं, पण खरं बोलायचीही एक जागा असते. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की आग्नेसचा होणारा नवरा भट्टीतून काहीतरी घेऊन येतो आणि ते कैतानच्या केळ्यांत गेलंय. एकाने दोघांना सांगितलं, त्या दोघांनी चौघांना. मी जन्मभर ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायचा पगार घेतला, तीच माझ्यावर उलटली!

दुसऱ्या रविवारी मुद्दाम आग्नेसच्या देवळात गेलो. फादरनी घोषणा वाचली, "कुणाची हरकत असल्यास..." आणि मागच्या दारातून, नेहमीप्रमाणे उशिरा, आत आलेले कैतानकाका तिथूनच म्हणाले, "आहे. माझी आहे."

सगळं देऊळ वळून बघायला लागलं. आग्नेसने डोळे मिटून घेतले.

फादर शांत माणूस. म्हणाले, "कैतान, चर्चच्या कायद्यात 'नवरा मुलगा अणू फोडतो' अशी हरकत नाही. पण तू मुलीला बापाच्या जागी आहेस, तुझं मन मारून लग्न लावणं मला बरं वाटणार नाही. मिस्सा संपली की अंगणात या सगळे. इनास, तू तिथे काय करतोस ते आज आम्हाला दाखव. पुढच्या रविवारी कैतान काय ते सांगेल."

दाखव म्हणे! माझ्याकडे ना फळा ना खडू. अंगणात आलो तर सगळा गाव गोल करून उभा, आणि पायाखाली उंडीच्या फळांचा सडा पडलेला. समुद्रकाठच्या माणसाला उंडी सांगायला नको: हिरवी, गोल, खायला निरुपयोगी, फेकायला एक नंबर. मला एकदम सुचलं. मी ओरडलो, "सगळ्यांनी दोन-दोन उंड्या हातात घ्या! तुम्ही सगळे युरेनियम, आणि उंडी म्हणजे न्यूट्रॉन!"

"माझा सदरा पांढरा आहे," कुणीतरी म्हणालं.

"युरेनियमला सदरा नसतो! नियम ऐका. अंगावर उंडी बसली की तुम्ही फुटलात. हातातल्या दोन्ही उडवायच्या आणि खाली बसायचं."

आणि म्हाताऱ्या बायकांना मी वेगळं काढलं. त्यांची पुढारी रोजामावशी, खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून लग्न होऊन आलेली, आवाज खणखणीत. "मावशी, तुम्ही नियंत्रणाच्या सळया, म्हणजे न्यूट्रॉन गिळणाऱ्या. उंडी आली की पदरात घ्यायची आणि गप्प बसायचं. पुढे फेकायची नाही."

"म्हंजे सासरी केलं तेच," मावशी म्हणाली. अंगण हसून लोटपोट झालं. पण खरं सांगतो, सळयांचं काम ह्याहून सोपं करून मला आजवर सांगता आलेलं नाही.

पहिली उंडी फादरनी फेकली. एका तरण्याला लागली, त्याने क्रिकेटच्या जोरात दोन्ही भिरकावल्या, त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट भिंतीपलीकडे. सगळं थंड. लोक म्हणाले, "हे काय, झालं पण?"

मी आनंदाने उड्याच मारल्या! "बरोबर! अगदी असंच होतं! न्यूट्रॉन सुटतो तेव्हा भलत्या वेगात असतो, आणि वेगातला न्यूट्रॉन बहुतेकदा नुसता निघून जातो. त्याला आधी हळू करावं लागतं. आमच्याकडे ते काम पाणी करतं. पाण्यातल्या कणांना धडकत धडकत तो मंद होतो आणि मग केंद्रक त्याला अलगद गिळतं. तेच पाणी उकळून वाफ होते, वाफेने चक्र फिरतं, वीज होते."

"थांब," रोजामावशी म्हणाली. "यवढा खटाटोप पानी उकळायला?"

"हो मावशी."

"पानी तर माझी चूल पन उकळते!"

मी घाईघाईने पुढचा नियम सांगायला घेतला.

"आता हळू, वरून सोडल्यासारख्या फेका," मी म्हटलं. आणि देवा रे, काय भडका उडाला! एकाच्या दोन, दोनाच्या चार, डोळ्याचं पातं लवतंय तोवर हवेत नुसत्या उंड्या. शाळेतली पोरं, बँडवाले, नव्या साड्यांतल्या बायका, सगळे फुटले. सळयांनी तर हाहाकार माजवला. पदरात घेऊन गप्प बसायचं सोडून रोजामावशीने पदरातला सगळा साठा दीर-नणंदांवर रिकामा केला. मला वाटतं कैक वर्षांचा होता. फादरचा चष्मा एका कानावर लोंबत होता, आणि ते हसून हसून गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. आग्नेससुद्धा हसत होती.

एकटे कैतानकाका हसत नव्हते. "बघितलंत?" ते म्हणाले. "हेच म्हणतो मी. उद्या तिथे असं झालं म्हणजे?"

प्रश्न बरोबर होता, आणि भडका मीच उडवून दाखवला होता.

"काका, हा बॉम्ब झाला," मी म्हटलं. "बॉम्बमध्ये जवळजवळ सगळेच फुटणारे असतात. आमच्या इंधनात शंभरात फुटणारे दोन-चारच. बाकीचं युरेनियम नुसतं गर्दी करून उभं असतं. आता पुन्हा करू. बहुतेकांनी हात रिकामे करा. उंड्या थोड्यांकडेच राहू देत, आणि ज्याच्या संपतील त्याला खालच्या सड्यातून नव्या द्या. मावशी, ह्या वेळी शिस्त."

"बरं बाबा."

सळया गर्दीत शिरल्या. मी मधे उभा राहून हात हलवत होतो, बँडमास्टर असल्यासारखा. "मावशी, दोन पावलं मागे! अजून एक! आता थांबा!" आमच्याकडे सळया खालून वर येतात, पण मावश्यांना जमिनीखालून आणणं शक्य नव्हतं. हळूहळू अशी लय लागली की एक उंडी कुणाला तरी लागायची, त्याच्या दोनातली एक वाया जायची किंवा पदरात पडायची, आणि एक पुढच्याला लागायची. ना वाढ, ना घट. एकातून एक, एकातून एक. लोक हसायचे थांबले आणि बघत राहिले. माझी आठ तासांची शिफ्ट म्हणजे हीच लय सांभाळणं. दिसायला किती साधं, पण मला ते कधी कंटाळवाणं वाटलं नाही.

एवढ्यात एक उंडी कैतानकाकांच्या खांद्यावर बसली. गंमत म्हणून कुणीतरी त्यांच्याही हातात दोन देऊन ठेवल्या होत्या. काकांनी आधी खांदा झटकला. मग कुणी मारली ते बघितलं. उंडी कुठे पडली तेही बघितलं. तोवर सगळं विझत आलं होतं, शेवटची उंडी मावशीच्या पदरात पडली होती. आणि तेव्हा कुठे काकांनी आपल्या दोन्ही सोडल्या. एक जाऊन एकाला लागली आणि पुन्हा सगळं सुरू झालं!

"काका!" मी अक्षरशः धावत त्यांच्याकडे गेलो. "काका, तुम्हीच! तुमच्यावरच चालतं सगळं! बहुतेक न्यूट्रॉन फुटल्या क्षणी बाहेर पडतात. पण शंभरात एकाहूनही कमी मागे रेंगाळतात, फुटलेल्या तुकड्यांतून काही सेकंदांनी निघतात. सगळेच वेळेवर आले असते तर वाढ इतकी झटपट झाली असती की माणसाचा हात काय, यंत्रसुद्धा पुरं पडलं नसतं. आम्ही भट्टी अशी ठेवतो की त्या उशिरा येणाऱ्यांशिवाय तिचं पानच हलू नये. मग ते येईपर्यंत आम्हाला सळया पुढे-मागे करायला वेळ मिळतो. जगातली प्रत्येक अणुभट्टी उशिरा येणाऱ्यांच्या जिवावर चालते, काका!"

"ऐकलंत ना?" काका फादरकडे वळून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. पण लगेच ते गंभीर झाले, मला बाजूला उंडीच्या झाडाखाली घेऊन गेले.

"इनास, तुला स्वतःला भीती वाटते?"

सगळं गाव बघत होतं. "छे!" म्हणायला काय जात होतं? पण केळ्यांनंतर मी जरा शहाणा झालो होतो, आणि ह्या माणसाशी मला थापा मारायच्या नव्हत्या. "वाटते," मी म्हटलं. "रोज कक्षात पाऊल टाकताना थोडी वाटते. छातीवर एक बिल्ला लावतात, किरण किती लागले ते मोजायला. तो लावताना वाटते. मग कामाला लागलो की जाते. जेवढी हवी तेवढीच उरते."

"मग सोड ना नोकरी. बाग आहे माझी. मला मुलगा नाही."

माणूस प्रेमाने म्हणत होता, म्हणून जास्त अवघड गेलं. "काका, आग्नेस मला हवी आहे," मी म्हटलं, "पण मला हे कामही फार आवडतं." काका "हं" म्हणाले आणि घरी निघून गेले.

तो आठवडा मी कसा काढला! कक्षात सगळे काटे जागच्या जागी, माझा एकटाच जागेवर नव्हता. बुधवारी विरारच्या बस स्टँडवर आग्नेस भेटली. "काका काही बोलले?" मी विचारलं. "काही नाही. केळीत जाऊन बसतात. परवा एक सुकेळं उन्हात धरून बराच वेळ बघत होते." आम्ही दोघं हसलो. मग ती म्हणाली, "तुला लग्नाची रजा मिळाली?" मी म्हटलं, "मागितलीच नाही अजून. साहेबांना काय सांगू? लग्न आहे की नाही, तेच मला ठाऊक नाही." तेवढ्यात तिची बस लागली.

एक खंत इथेच सांगून टाकतो. कैतानकाकांना एकदा तरी तो कक्ष दाखवावा असं मला फार वाटायचं. बाहेरच्यांना आत न्यायला परवानगी नसायची, आणि पुढे मी थोडा वरच्या जागेवर गेलो, खटपट करता आली असती, तोवर काका राहिले नव्हते.

तिसरा रविवार. देऊळ इतकं भरलेलं की नाताळलाही नसतं. आणि कैतानकाका वेळेवर आलेले! पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या सदऱ्यात. ते बघून माझा उरलासुरला धीर सुटला. वेळेवर आलेत म्हणजे नक्की मोडायलाच आलेत.

फादरनी घोषणा वाचली. "कुणाची हरकत असल्यास..."

काका उभे राहिले. "आहे."

रोजामावशी मागून मोठ्याने म्हणाली, "आता काय रं झालं!" फादरनी कागद खाली ठेवला. मी बाकाची कड घट्ट धरली.

"ह्या मुलाचं काम काय ते मला निम्मं कळलं, निम्मं नाही कळलं," काका म्हणाले. "पण भीती वाटते म्हणाला, आणि तरी जातो म्हणाला. आपण माडावर चढतो वाऱ्यात, मचव्यावाले जातात समुद्रात, तसंच ते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी हरकत वेगळी आहे." मग ते वळले आणि सगळ्या देवळासमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लग्न तोंडावर आलंय, आणि आग्नेस सांगते, ह्याने अजून रजा मागितलेली नाही! असा कसा नवरा मुलगा?"

"मागतो!" मी देवळात ओरडलो. "काका, उद्याच मागतो!"